गाढ झोप बंद

अकरा कॉम्प्युटर. नागपूरच्या कुठल्याशा बँकेनं टाकलेले,
झरीच्या पलीकडच्या आमच्या आश्रमशाळेनं उचललेले.
डब्यांवर अजून काउंटरचे नंबर आहेत,
म्हणून मुलं त्यांना खिडकी म्हणतात.
खिडकी चार हळू, खिडकी नऊ चांगली.

दिवाळीच्या सुट्टीत, शाळा रिकामी असताना,
नेट पकडायला फोन गजाला बांधला
आणि सगळ्यांवर नवा कर्नल चढवला.
"मिलिट्रीतला का, सर?" टेकामच्या पोरानं नंतर विचारलं.
तसाच, म्हटलं. दिसत नाही, पण सगळे त्याचं ऐकतात.

शाळा भरली तसे ते मरायला लागले.
एकत्र नाही. आज खिडकी दोन, परवा सात, मधले दिवस कुणीच नाही.
पडद्यावर चित्र तसंच, घड्याळ अकरा चौदावर थांबलेलं,
बाण जिथल्या तिथं.
बटण दाबून धरायचं, पाच मोजायचे, पुन्हा सुरू.
आतली नोंद उघडली. शेवटची ओळ साधी: वेळ जुळवली.
त्यापुढे कोरं.
मरणाऱ्यानं तक्रारच केली नव्हती.

पहिला संशय विजेवर. इथं सगळ्यांचाच असतो.
रात्री थ्री फेज आली की शिवारातल्या मोटारी एकदम उठतात,
बल्ब पिवळा पडतो.
मीटर लावून बसलो. पण ते भर दुपारीही मेले, दोनशे तीसवर.
मग रॅम काढली, सहावीतल्या मैनाचं खोडरबर मागून
तिचे सोनेरी दात घासले.
रात्रभर तपासणी. सकाळी सात फेऱ्या, चुका शून्य.
शून्याचा इतका राग मला कधी आला नव्हता.
एका पंख्यात पालीचं अंडं निघालं.
फुगलेला कपॅसिटर एकच सापडला,
तोही खिडकी नऊमध्ये, जी एकदाही पडली नव्हती.

मग जुना कर्नल. सुरू होताना यादी येते,
खाली बाण, दुसरं नाव, एंटर.
नऊ दिवस सगळे जिवंत.
"जुन्यावरच राहू द्या," मुख्याध्यापक आडे म्हणाले,
आणि त्यांचं चुकत नव्हतं.
पण मला कारण हवं होतं,
कारणाचा पगार मिळत नाही हे ठाऊक असून.
खिडकी सात तेवढी परत नव्यावर आणली
आणि तिच्यासमोर बसून राहिलो, ती पडेना.

शेवंता आत्राम फरशी पुसत होती.
फडकं पिळता पिळता म्हणाली,
"पोट्टे खेळतेत तवा हे मरत नाही जी.
तुमी चहाले गेले का मरते."

मी वहीतल्या वेळा पुन्हा वाचल्या.
अकरा चौदा: छोटी सुट्टी. एक पाच: जेवणाची घंटा.
चार चाळीस: सगळे कबड्डीला.
काम नसलं की प्रोसेसर झोपतो,
एकदम नाही, विहिरीच्या पायऱ्या उतरावा तसा.
जुना कर्नल त्याला दुसऱ्या पायरीवर अडवायचा.
नव्याला वीज वाचवायची होती,
त्यानं तळ दाखवला.
तिथून वर यायचं या म्हाताऱ्या चिपला कधी जमलंच नव्हतं,
फक्त आजवर तिला कुणी तिथं पाठवलं नव्हतं.

उपाय एका ओळीचा. गाढ झोप बंद.
अकरा वेळा टाइप केली,
दोनदा एक अक्षर चुकलं.

शेवंताला सांगितलं तर तिनं आधी हेच विचारलं,
"बिल वाढन नं मंग?"
वाढेल थोडं.
ती बादली घेऊन वऱ्हांड्यात गेली.

तीन आठवडे झाले. डबे रात्रभर कोमट असतात,
मांजर खिडकी चारवर झोपतं.
काल खिडकी नऊ पडली, भर कामात,
टेकामचं पोर चित्र रंगवत असताना.
तो कपॅसिटर. ते वेगळं.
उद्या पांढरकवड्याला जाऊन कावीया बघतो.