जांभळी जीभ

पहाटे तीनला होडी बेलेंच्या धक्क्याला लागते.
टोपल्यांत असाई, वर झावळ्या.
भाव ठरतो अंधारातच,
दोन बोटांत एक फळ चुरडून.

एडिवानच्या पायांत पानांचाच पिळलेला फास.
बारा वर्षांचा आहे, म्हणून खोड वाकत नाही.
"माणूस जड झाला की झाड त्याला ओळखत नाही,"
बाप म्हणतो, खालून, मान वर करून.
दातांत सुरी. एका शेंड्यावरून झुलत दुसऱ्यावर.
घड घेऊन उतरतो
तेव्हा मांड्या सोललेल्या.

घरी ओसमारिना फळं कोमट पाण्यात टाकते.
सगळी बीच; गर म्हणाल तर नखावरच्या रंगाएवढा.
रस दाट, मातकट.
साखर मागाल तर ती हसेल.
कसाव्याचं भरड पीठ, तळलेला मासा,
मग झोळीत अख्खी दुपार,
आणि ओठांवर वाळत गेलेली जांभळी रेघ.

थोरली ज्युसिलेनी साओ पावलोत,
काचेच्या काउंटरमागे.
"असाईचं आहे मॅडम, सुरकुत्यांवर. थेट जंगलातलं."
डबी वीस ग्रॅमची.
किंमत एडिवानची एकोणीस झाडं.
कुणी नसताना तिने एकदा हुंगून पाहिलं होतं:
व्हॅनिला.

फोनवर आई विचारते, जेवलीस का गं?
इथेही मिळते असाई, गोठवलेली,
वर केळं, मध, कसले कसले दाणे.
"हो, पोटभर," ती म्हणते,
आणि नमुन्याच्या आरशात
हळूच जीभ काढून बघते.

गुलाबी.