साइडस्टँडचा स्विच

जांबोटीच्या लाल चिखलानं स्विच गिळलाय.
स्टँड वर, तरी गाडीला वाटतं खालीच;
गिअर टाकला की गप्प.

"तोड की दोन वायर, जोड एकात एक," मष्णू म्हणतो,
"दूध नासूलंय."
चाळीस लिटर. खानापूर अजून लांब.

दोन मिनिटांचं काम. पक्कड हातातच आहे.
मागं कल्लाप्पाची अशीच जोडून दिली होती,
पन्नास रुपये घेतले, चहाही त्यानंच पाजला.
पुलाआधीच्या डाव्या वळणावर
विसरलेला स्टँड डांबराला टेकला.
आता काठी टेकत येतो,
"आराम इद्दी?" विचारतो
मलाच.
त्या वायरचं कधी काढत नाही.
काढला असता तर बरं झालं असतं.

मी पक्कड ठेवतो. पेट्रोल, जुना टूथब्रश,
चिखल सुटतो नखाएवढा नखाएवढा.
मष्णू घड्याळ बघतो, कॅनचं झाकण हुंगतो.
"उद्या परत अडकणार."
"उद्या परत ये. पैसे नको देऊस."

टिक.
मष्णू घाईत बसतो, किक मारतो, गिअर टाकतो
आणि गाडी जाग्यावर बंद.
दोघंही खाली बघतो.
स्टँड खालीच.

त्यानं एक शिवी घातली.
कुणाला, ते मी विचारलं नाही.