नाक

तासभर आधी सगळं बाहेर काढून ठेवलं.
चीजला थंडीतून माणसांत यायला तेवढा वेळ लागतो.
आन्सेल्मला अकरा वर्षं लागली.

फळी चेरीच्या लाकडाची, मधोमध एक चीर,
चिरेत जुनं तेल मुरलेलं.
नात म्हणाली, अशी नाही गं आजी,
अंजीर पंख्यासारखं उघड,
द्राक्षं काठावरून ओघळू देत,
रिकामी जागा दिसली की पाहुण्यांना वाटतं, हे दरिद्री.
म्हटलं, माएलिस, आपण दरिद्रीच होतो,
आणि सुरी ठेवायला जागा नको का?
तरी अंजीर उघडलं. बरं दिसलं.
तिला सांगितलं नाही.

बाराच्या जागी बकरीचं: पांढरं, कोवळं,
ओठांवरचं दूध न वाळलेलं.
तीनवर कोंते, दोन वर्षं तळघरात राहून
दाताखाली कचकचायला शिकलेलं.
सहावर मोर्बिए.
नवावर जेक्सचं निळं.
सौम्याकडून उग्राकडे, घड्याळ जाईल तसं खायचं.
उलटं गेलात तर जीभ बधिर होते,
मग बिचाऱ्या बकरीचं कोण ऐकतो?
आमच्या घरात सुरुवातच नवापासून झाली होती.

मोर्बिएच्या पोटातून राखेची एक रेघ जाते.
पूर्वी संध्याकाळचं दूध अपुरं पडायचं,
त्यावर राख भुरभुरायची, माश्या बसू नयेत म्हणून,
आणि सकाळचं त्याच्यावर.
मला वाटायचं, राखच दोन वेळांना धरून ठेवते.
नोटरीसमोर बसल्यावर तसं वाटेनासं झालं.

झरा त्याला, दगडाळ उतार मला.
अक्रोडाचं झाड त्याच्या हद्दीत,
दोन फांद्या कुंपण ओलांडून माझ्याकडे.
खाली पडेल ते माझं, कायदा म्हणतो.
अकरा हिवाळे मी त्याचे अक्रोड खाल्ले, कायद्यानं.
आज मूठभर फोडून निळ्याच्या शेजारी मांडले.
बघू, ओळखतो का.

आईचा नियम होता:
प्रत्येकाच्या तुकड्यात थोडी साल यावी, थोडा गाभा.
बाबांनी जमीन वाटली तेव्हा
ती हयात नव्हती.

ते आले. मारिएलच्या हातात कुंडी.
त्यानं बूट लहानपणी जिथे काढायचा तिथेच काढले,
तिथे आता रद्दीचा ढीग असतो.
सूप झालं, मांस झालं,
ज्युराचं हवामान दोनदा झालं.
मग फळी आली. टाळ्या वाजवल्या माएलिसनं,
एकटीनंच.

आन्सेल्मनं सुरी उचलली.
बकरी सोडली, कोंते सोडलं,
सरळ निळ्याकडे गेला, आणि त्रिकोणाचं टोक,
ज्याला आम्ही नाक म्हणतो,
सगळ्यात मऊ, सगळ्यात निळं,
आडवं उडवलं.

मारिएल ताटात बघत राहिली.
पाहुण्यानं नाक कापलं
तर कापलं कोणाचं जातं?

आठ वर्षांचा होता तेव्हा याच गुन्ह्यासाठी
आईचा लाकडी चमचा बसायचा बोटांवर,
दर रविवारी. पुढच्या रविवारी पुन्हा.
आत्ताही बोटं आक्रसली त्याची, हवेतल्या हवेत.
"सिदो," म्हणाला.
अकरा वर्षांत पहिल्यांदा अर्धं नाव.
पुढे काहीच नाही.

मी फळी फिरवली.
नकटा त्रिकोण माझ्यापुढे,
अक्रोड त्याच्यापुढे.
त्यानं एक उचलला, वास घेतला,
बराच वेळ हातातच धरला.
"यंदा लवकर गळले."
"वारा होता," मी म्हणाले.

सालीकडचा भाग मी खाल्ला. उग्र होता,
डोळ्यांत पाणी येण्याइतका, म्हणजे तसा तो असतोच.

बकरीचं बारावर तसंच राहिलं,
कोणी हात लावला नाही.
सकाळी माएलिस पावावर पसरून खाईल.