तळघरातला फ्रीझर

रात्री पावणेदोनला, ओउलूच्या विद्यापीठात,
तळघरातला मोठा फ्रीझर एकाएकी गप्प झाला.
किल्ल्या, पंप, बॉयलर, सगळं बघणारा वेइक्को
फोनवर एवढंच म्हणाला, "या. आपापलं उचला."

बाहेर उणे सव्वीस.
म्हणजे अंगणच फ्रीझर.

पायजम्यावर कोट चढवून एकेक आले.
तूलिक्कीने तळ्याच्या गाळाची लांब नळी उचलली
तान्ह्या मुलासारखी, मानेखाली हात देऊन.
यार्मोच्या डब्यांत कागदगिरणीच्या सांडपाण्यावर जगणारे जीवाणू;
पैसा गिरणीचा, म्हणून डब्यांना कुलूप.
हेन्रीकाकडे चर्चची मृत्यूनोंदवही,
नळ फुटून भिजलेली,
बुरशी धरू नये म्हणून गोठवलेली,
अजून कुणी न उघडलेली.

बर्फात मांडामांड झाली.
उभंच राहायचं, तर बोलणं आलंच.
"तुझ्या गाळात सोळाशे सत्त्याण्णव कुठे?"
तूलिक्कीने नळीवर नख टेकवलं. केसाएवढी रेघ.
"राईचा पराग जवळजवळ नाहीच इथे."
हेन्रीका वहीकडे बघत राहिली.
पानं एकमेकांना घट्ट धरून होती.
"मग लोक खात काय होते?" यार्मोने विचारलं.
"झाडाची साल," वेइक्को म्हणाला,
कुठलाही प्रबंध न लिहिता.

पहाटे यंत्र पुन्हा घरघरलं.
सगळं आत गेलं, एक पुडकं तेवढं उरलं:
ना चिठ्ठी, ना क्रमांक, ना विभाग.
"हे कुणाचं संशोधन?"

वेइक्कोने कान खाजवला.
एल्कचं मांस होतं. ऑक्टोबरमधलं.