उन्हाची पाळी

समाजमंदिराच्या गच्चीवर आठ पॅनल,
त्यातली दोन तडकलेली,
धुळ्याच्या भंगारातून वजनावर आणलेली.
रऊफ वेल्डरनं अँगल फुकट दिला,
वर चढताना म्हणाला,
पडलो तर तुमच्या नावानं पडलो.

खाली चक्की.
बिल नाही तिला, पण मिजास फार:
दहाच्या आत उठत नाही,
चारनंतर कुणाचं ऐकत नाही,
ढग आला की मधेच पुटपुटत बसते.

पहिल्याच आठवड्यात भांडण.
हिरकणबाईचा कळणा अर्धा दळलेला,
आणि ऐन बाराच्या उन्हात
सरपंचाच्या पुतण्याचा कट्टा पुढे सरकला.

तेव्हा सुपडूबाबा उठला.
त्याचा बाप पांझरेच्या फडावर पाटकरी,
पाणी कमी त्या साली
सगळ्यांचंच रान थोडं थोडं भिजवणारा.
कुणाच्या तरी चुलीतला कोळसा घेऊन
भिंतीवर खांबाची सावली पडली होती
तिच्या हातभर पुढं त्यानं रेघ मारली.
'ऊन कोना बापनं शे?
सावली आठे लगून, पायलीवाल्या बाया.
मंग तुना कट्टा.'
पुतण्या हसला. मग थांबला.

वही माझ्याकडे.
मी आयटीआय झालेली वायरमन,
जिला अजून कुणी खांबावर चढू दिलं नाही.
मंगळवार: धूळ. पॅनल पुसले, वेणूबाई नि तिची नणंद.
बुधवार: ढग. दळणं सहा, गप्पा उदंड.
उरलेलं ऊन ट्रकच्या जुन्या बॅटरीत,
रात्री नऊपर्यंत अभ्यासाचे दोन दिवे.
मॅचसाठी मागितलं. दिलं नाही.

चैत्रात इन्व्हर्टर जळला.
एकोणीस दिवस
लोक पुन्हा टेम्पोनं पिंपळनेरला.
'सांगितलं होतं' म्हणणारे चौदा,
तेही वहीत आहेत.
तार मी तीनदा गुंडाळली,
चौथ्यांदा रऊफभाईनं टॉर्च धरला.

आखाजीच्या तोंडावर चक्की बोलली,
आणि त्याच दिवशी पंचायतीचा रंगारी आला
भिंत पांढरी करायला.
रेघा आता सतरा,
उन्हाबरोबर सरकत गेलेल्या.
बायांनी त्याला चहा पाजला
आणि शेजारची भिंत दाखवली.

बाबाला हल्ली दिसत नाही.
तापल्या भिंतीवर तळवा फिरवत विचारतो,
'कोनी पाळी शे?'
'तुनीच,' मी म्हणते,
'पिशवी दे.'