सातव्या मिनिटाला

रात्री साडेअकरानंतर मशीन आमचं.
दिवसभर ते मणक्यांचं, अपघातांचं,
औसा रोडवरून स्ट्रेचरवर येणाऱ्या घाईचं.
आम्ही अभ्यासवाले उरलेल्या वेळेचे भाडेकरू.

आज एकेचाळीस नंबर :
लिंबाजी सोनकांबळे, एकसष्ट, मुक्काम निलंगा,
टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त.
फॉर्मवर लेकीचं अक्षर :
दोन वर्षं झाली. जेवा म्हणून सांगावं लागतं.

घड्याळ काढलं, करदोड्यातली चांदीची पेटी काढली.
खिशातून एक टेस्टर निघाला.
"ऱ्हाऊनच गेला," म्हणाले,
कुणाला, कोण जाणे.

बत्तीस तारांची टोपी मी त्यांच्या डोक्यावर चढवली,
एकेका छिद्रात जेल भरलं.
त्यांनी तारांचा जुडगा बोटांनी चाचपला.
"रंगानं न्हाई लावल्या मॅडम. पुढं घोळ हुईल."
झालाच होता, मागच्या महिन्यात.

मग मी नेहमीचं सांगितलं :
एक चित्र मेंदूच्या घडणीचं.
एक आतल्या पांढऱ्या धाग्यांचं, कुठून निघून कुठं पोचतात.
एक रक्ताचं, कोणता भाग कोणाच्या जोडीनं जागा होतो.
आणि टोपी ऐकणार वीज, जी रक्ताच्या आधी धावते.
सगळी एकावर एक ठेवून बघायची.
"म्हंजे खांब, तार आन् बोलणं," ते म्हणाले.
"आमच्या तीन वह्या आसायच्या.
तिन्हीत समदं ठीक,
आन् गिऱ्हाईक म्हनतंय, आवाजच न्हाई."

आता काहीच करू नका, मी म्हणाले.
डोळे उघडे, समोर अधिकचं चिन्ह, दहा मिनिटं.
ओठ जरासे हलले त्यांचे.
"घरी ह्याच कामाची बोलणी खातो."

काचेपलीकडे मशीन ठोकत राहिलं.
तेव्हा काही दिसत नसतं.
दिसतं ते नंतर, संगणक तीन रात्री चालल्यावर,
आणि तेही दिसलं असं म्हणायला धीर लागतो.

सातव्या मिनिटाला डोकं हललं.
अडीच मिलिमीटर.
आमच्या नियमात दोन बसतात.

घाबरलात का?
"न्हाई. मधीच टूं टूं टूं वाजलं बगा,
यंगेज लागल्यावानी.
ठिवून परत लावावं म्हनलं."
हात उचलला होता त्यांनी.

फॉर्ममध्ये भूकंपाचा प्रश्न आहे. विचारला.
किल्लारीकडं तारा ओढायला होते ते, अठरा दिवस.
"त्याचं न्हाई हे. तवा झोप यायची, दमून यायची.
हे चांगल्या सालात आलं,
लेकीला नोकरी लागली त्या सालात."
मी दोन्ही लिहून घेतलं.

जेल धुवायला नळाला पाणी नव्हतं, पाळी परवा.
जारचंच तांब्यानं ओतलं मी.
कानामागं हेल्मेटच्या पट्ट्याची फिकी रेघ,
बाकी सगळा माणूस उन्हानं रापलेला.

"काय दिसलं?"
एकट्याच्या चित्रावरून सांगता येत नाही, मी म्हणाले.
साठ जणांची सरासरी काढायची,
दुसऱ्या साठ जणांशी ताडायची.
टॉवेल डोक्यावर तसाच धरून ते थांबले.
"सरासरीनं कुनाचाच फोन चालू केला न्हाई आमी."
मग जरा वेळानं,
"आन् माझं हललं. म्हंजे मी त्यात बी न्हाई?"

नाही, म्हणाले मी.
एकेचाळीस नंबरची फाइल पुसायची असते.
दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकली,
फोल्डरला नाव सुचेना.

सव्वापाचची निलंगा गाडी.
टेस्टर परत खिशात, पेटी करदोड्यात.
दारापाशी वळले.
"परत घ्यायचं आसंल तर रविवारी बोलवा.
रविवार लई मोठा आसतोय."