पंधरा मिनिटांचे एक युनिट

प्रमाणपत्र जामसंड्यात लॅमिनेट करून घेतलं.
दुकानदारानं मोठ्यानं वाचलं, 'प्रमाणित प्रसूतिसोबती,
सुगंधा महादेव धुरत',
आणि विचारलं, म्हणजे सुईण ना?
नाही म्हटलं. मी नाळ कापत नाही,
सुई टोचत नाही, बाळ बाहेर काढत नाही.
मग करतेस काय?
मी सुटे पैसे मोजत राहिले.

ओरोसच्या वर्गात प्लास्टिकची बाहुली होती,
लोकरीनं विणलेलं गर्भाशय होतं,
आणि मॅडम म्हणायच्या, काही न करता थांबणं
हेही कौशल्य आहे, लिहून घ्या.
आम्ही लिहून घेतलं. मागच्या बाकावरच्या दोघी
तारामुंबरीच्या होत्या, त्या हसल्या.

पहिली केस मनाली कोयंडे. मंगळवार, दिवेलागण.
नवरा ट्रॉलरवर, फोन लागत नव्हता.
आईला आत सोडलं नाही, मला सोडलं,
कारण माझ्या गळ्यात कार्ड होतं.
देवाचं नाव नको म्हणाली. नवऱ्याचं तर नकोच.
मग आम्ही माशांची नावं घेतली,
एका कळेला एक मासा.
पेडवे. तारली. लेपो. मुडदुशी.
मी माकडहाडाच्या वर तळहात रोवून उभी,
कर्लीला तिचा श्वास अडकला,
तांबोशीला ती ओरडली,
नर्स म्हणाली, हे काय चाललंय?
पहाटे तीनला सगळे मासे संपले.
'माका जमाचा नाय, काकी.'
'जमता हा गे. आता जमताच हा.'
'खंय जाव नको.'
खिडकीबाहेर भरती आली, गेली, परत आली.
बुधवारी दुपारी तीनला मुलगी झाली.
मी तोवर कुठंच गेले नव्हते.

सेतू केंद्रात मयुरेशनं पोर्टल उघडलं.
आरोग्य विम्याचा दावा: सेवेचा प्रकार निवडा.
भूल, रक्त, औषध, रुग्णवाहिका.
'काकी, यादीत तुमी खंयच नाय.'
'इतर' निवडलं.
एकवीस तास, पंधरा मिनिटांचे एक युनिट,
एकूण चौऱ्याऐंशी.
कामाचं वर्णन, शंभर अक्षरांत.
मी सांगत गेले, तो टाइप करत गेला,
मुडदुशीपाशी अक्षरं संपली.

अकरा दिवसांनी उत्तर: दावा परत.
सेवा दिल्याचा पुरावा जोडलेला नाही.
पुरावा माझ्या मनगटावर होता,
तिच्या नखांच्या चार चंद्रकोरी.
फोटो काढूया म्हटलं.
मयुरेशनं चष्मा पुसला.
'दोनशे केबीच्या आत होयो.
आणि शिक्को खंय मारूचो?'

शेवटी डॉक्टरीणबाईंनी लेटरहेडवर लिहून दिलं.
बराच वेळ पेन हवेतच होतं.
मग एकच ओळ:
'सदर महिला संपूर्ण वेळ उपस्थित होत्या.'
खाली शिक्का, जांभळा, थोडा फुटलेला.
तो कागद मी बसमध्ये दोनदा वाचला.
माझ्याबद्दल असं कुणी
याआधी लिहून दिलं नव्हतं.

पैसे आले तेव्हा मी लिलावाला उभी होते,
हातात ओला कागद, कागदात दोन बांगडे.
मेसेज: मागणी युनिट चौऱ्याऐंशी, मंजूर आठ.
मयुरेश म्हणतो, कमाल मर्यादा आठच आसा,
भांडून उपयोग नाय, पुढल्या केसला बघू.
पुढली केस मिठबांवची आहे, जुळं आहे,
आणि तिला मासळी चालत नाही.

पण आठ म्हणजे कुठली आठ?
मी तिथंच उभी राहून शोधत बसले.
तांबोशीची पंधरा मिनिटं धरली असतील का?
की ती पहाटेची,
जेव्हा दोन कळांच्या मध्ये ती घोरत होती,
माझा हात तिच्या अंगाखाली अडकला होता,
मुंग्या आल्या होत्या,
आणि मी तो काढला नाही.